माझा स्वेटर नेपाळला गेला

गोव्यात स्वेटर असतो तो कपाटात ठेवायलाच. पाऊस पुरता सरला, शेतात भाताची कणसं पिवळी पडली, की मी साखळी गावातल्या आमच्या घरातल्या कपाटातले कपडे काढून उन्हात घालते. पावसाळाभर त्यांनी धरलेला कुबट वास जावा म्हणून. दोन-चार भरजरी साड्या, सासऱ्यांची शाल, मुलाची लहानपणची झबली, आणि सगळ्यांच्या तळाशी तो हिरवा स्वेटर. त्याच्या उजव्या कोपराला निळ्या लोकरीचं ठिगळ आहे. ठिगळ फार नीट घातलेलं आहे. टाके इतके बारीक की माझे स्वतःचे टाके त्याच्याशेजारी गावंढळ दिसतात. स्वेटर मी विणला. ठिगळ माझं नाही.

यंदाही तो घरापुढच्या बाल्कांवच्या कठड्यावर पसरला आणि सवयीने नाक लावून पाहिलं. आता डांबरगोळ्यांशिवाय कसलाच वास येत नाही. पण एके काळी त्याला लाकडाच्या धुराचा, करपलेल्या मक्याचा आणि कुठल्याशा आंबट पाल्याचा वास येत होता, आणि तो वास घेत मी पेडण्याच्या घरात, माजघरातल्या पेटाऱ्यावर बसून रडले होते.

तेव्हा आम्ही म्हापशाच्या कॉलेजात होतो, मी आणि नंदा. नंदा माझी चुलतबहीण. आमची दोन्ही कुटुंबं पेडण्यात एकाच घरात राहत. मी तिच्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून ती मला बाय म्हणायची. वर्ष भाषेच्या भांडणाचं होतं, गोव्याची भाषा मराठी की कोंकणी. भिंतींवर रोज नवी अक्षरं उमटत, बसमध्ये माणसं शेजाऱ्याशी बोलण्याआधी त्याचा अंदाज घेत. आमच्या घरात मराठीचा झेंडा होता आणि चुलीपाशी बोलणं मात्र आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं, ज्याला त्या दिवसांत नेमकं नाव द्यायची सगळ्यांनाच भीती वाटे.

अशा वर्षी कॉलेजातली काही मुलं दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायची ठरली. डोंगरातल्या एका गावात झऱ्याचं पाणी नळाने आणायचं, त्यासाठी चर खणायचे, पाइप टाकायचे. आमच्या सरांनी वर्गात नकाशा लावून गाव दाखवलं, आणि मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. नंदाने केला नाही. तिला गाडी लागायची.

माझं नाव आलं. वडील आठवडाभर बोलले नाहीत, मग एके दिवशी बाजारातून लोकर घेऊन आले. हिरवी, जाड, अंगाला टोचणारी. शेजारच्या बाईंकडे मी टाके शिकले आणि पाऊस धो धो पडत असताना जनेलाशी, खिडकीच्या उजेडात बसून स्वेटर विणत राहिले. आई येता-जाता हसायची. म्हणायची, "ह्या वेडां झालां. गोयांत थंडी खंय पडता गो?" मी मान वर न करता सांगायची, "थंय पडता."

त्या 'थंय'साठी, त्या 'तिथे'साठी, मी काय काय केलं. काकांचा, म्हणजे नंदाच्या वडिलांचा, ट्रक डिचोलीच्या खाणीवर चालायचा. खाणीच्या फाटकावर एक नेपाळी पहारेकरी होता. काकांबरोबर दोनदा जाऊन मी त्याच्याकडून शब्द आणले. लाल धुळीने माखलेल्या त्या फाटकाशी उभी राहून मी घोकायची, तिर्खा लाग्यो म्हणजे तहान लागली, मिठो छ म्हणजे चवदार आहे, भोलि म्हणजे उद्या. तो म्हातारा हसून म्हणायचा, मुली, तुझा उच्चार चांगला आहे. हे मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं.

निघायच्या आधी अंगावर पहिला फोड आला.

कांजिण्या. मला मधल्या खोलीत टाकलं, भोवती कडुलिंबाचा पाला, आणि दारावर पडदा. अंग भाजत होतं, पण त्याहून वाईट होते बाहेरचे आवाज. तिकीट काढलेलं, गट ठरलेला, गटात दोनच मुली, एक कमी झाली तर दुसरी एकटी पडणार. सर घरी येऊन गेले. काकांचा आवाज ऐकू आला, "नंदाक ह्यो रोग ल्हानपणी येवन गेलो. ताका काय भंय नाय. नंदा जांव दी." मग आईचा आवाज, फार वेळाने. "होय. कपडे तयारच आसत."

कपडे तयारच आसत. माझ्या आईने म्हटलेलं हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं विसरले नाही.

नंदा जनेलाबाहेर येऊन उभी राहिली. गज धरून म्हणाली, "बाय, तू नाय तर माका जावक नको."

मी म्हटलं, "जा. माका काय नाय."

"माका थंयचा काय एक कळूचा नाय."

मग मी तिला शब्द दिले. दोन दिवस ती सकाळी-दुपारी जनेलाशी यायची आणि मी अंथरुणातून सांगायची. तहान लागली तर काय म्हणशील? तिर्खा लाग्यो. जेवण आवडलं तर? मिठो छ. तिचा उच्चार वाईट होता. मी परत परत म्हणवून घेतला. डोळ्यांत पाणी येत होतं, ते तापाने येतंय असं तिला वाटलं असावं.

ती निघाली त्या सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ म्हापशाच्या बसचा. आईने तिला दह्याची कवडी दिली. माझ्या ट्रंकेची कडी वाजली. ती कडी सैल होती, तिचा आवाज मला ओळखू येत होता. बस गेल्यावर घरात अशी शांतता पसरली जशी मीच गेले आहे.

दिवाळी मी पडद्याआडून ऐकली. पहाटे मुलगे डबे बडवत नरकासुर घेऊन गेले, त्याच्या पोटातले फटाके बाजारपेठेच्या टोकाला फुटले. तुळशीकडे सगळ्यांनी अंगठ्याखाली कारीट फोडलं, त्याचा कडवट हिरवा वास खोलीपर्यंत आला. घरात पोह्यांचे पाच प्रकार होते, मला फक्त दुधातले मिळाले. भिंतीकडे तोंड करून मी त्यांचा रस्ता मनात पुन्हा पुन्हा मोजायची. वास्कोहून लहान रुळांची गाडी मिरजेपर्यंत, तिथून बदलत बदलत गोरखपूर, मग सरहद्दीपर्यंत बस. सगळा रस्ता मला पाठ होता. रस्ता मला पाठ आणि गेली ती.

खपल्या पडून गेल्या, हनुवटीखाली एक खड्डा राहिला, आणि गट परत यायचा दिवस आला. काकांबरोबर मीही वास्कोला गेले. मांडवीवरचा पूल त्याच पावसाळ्यात कोसळला होता, म्हणून फेरीबोटीतून पलीकडे. दुपारच्या उकाड्यात गाडी धापा टाकत फलाटाला लागली. नंदा उतरली ती स्वेटर घालूनच. वास्कोच्या घामात, माझ्या स्वेटरमध्ये. गालाची कातडी उन्हाने सोललेली, ओठ फुटलेले, हाताला घट्टे. इतकी सुंदर ती मला आधी कधी दिसली नव्हती, नंतरही नाही.

"बाय," म्हणून तिने मिठी मारली. तो धुराचा, मक्याचा, आंबट वास नाकात गेला. आणि मग कोपर दिसलं.

"ह्या काय?"

"दगडाक लागान फाटला. आमानं शिवल्यान."

आमा म्हणजे आई. ज्या घरात ती राहिली त्या घरातली बाई. माझ्या विणकामाला कुठल्याशा परक्या बाईने, मी न पाहिलेल्या घरात, मी न पाहिलेल्या चुलीजवळ बसून हात लावला होता, आणि माझ्याहून चांगला लावला होता. लोक ह्याला हेवा म्हणतील. हेवा हा फार मऊ शब्द आहे. मला झाला तो मत्सर.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रस्ते बंद झाले. कुठे झाडं तोडून आडवी टाकलेली, कुठे टायर जळत. बस नाही, कॉलेज नाही. वडील रेडिओला कान लावून बसायचे, काका ट्रक परसात उभा करून दात कोरायचे. आणि घराला दुसरं काही करायला नसल्यामुळे नंदाच्या गोष्टी सुरू झाल्या. सोप्यावर चिंच फोडत बसलेल्या बायकांपुढे ती सांगायची. शेजारपाजारचेही येऊन बसायचे. मी चिंचोके वेगळे करायची आणि ऐकायची. एकही दिवस चुकवला नाही. दुखऱ्या दाताला जीभ जाते तशी मी त्या गोष्टींकडे जायची.

ती सांगायची, आपल्याकडे नरकासुर जाळतात त्याच दिवशी तिथे कुत्र्यांची पूजा करतात. गावातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिळा, आणि कुत्री अशी ऐटीत फिरतात जणू गाव त्यांचंच. मग काका विचारायचे, "चावरो आसलो तर?" ती म्हणायची, "त्याका मोठी माळ."

सगळे हसायचे. मीही हसायची, आणि मला आठवायचं की त्याच पहाटे मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

ती सांगायची, सकाळी उठलं की समोर बर्फाचा डोंगर गुलाबी असतो, चहा होईपर्यंत पांढरा होतो. वाळवलेल्या आंबवलेल्या पाल्याची आमटी असते, तिचं नाव गुंद्रुक, पहिल्या दिवशी नाक दाबून खाल्ली आणि नंतर मागून मागून. आमा कपाळाला पट्टा लावून पाठीवरच्या टोपलीतून दगड वाहायची, नंदालाही शिकवलं. हे सांगताना ती उठून टॉवेलचा पट्टा करायची, नारळांची टोपली पाठीवर घ्यायची आणि अंगणात चालून दाखवायची. मान ताठ, पावलं हळू. माझी आईसुद्धा चिंच फोडायची थांबून बघायची. माझ्या आईच्या डोळ्यांतलं ते कौतुक मला चिंचेसारखं दातांवर आंबायचं.

मिंगेल नावाचा बार्देशातला मुलगा गटात होता. गावातल्या मास्तराने विचारलं, तुमची भाषा कोणती? मिंगेल म्हणाला कोंकणी, नंदा म्हणाली मराठी, आणि दोघं तिथेच चराच्या काठावर कडाकडा भांडली. मास्तर शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, आता भांडलात ती कुठली?

ही गोष्ट मात्र काकांनी तिला बाहेर सांगू दिली नाही. दिवसच तसे होते.

आणि सगळ्यात शेवटी नळाची गोष्ट. ती नंदा नेहमी शेवटीच सांगायची. चर खणून झाले, पाइप पुरले, वरच्या टाकीचं झाकण उघडलं, आणि सगळं गाव खाली नळाशी जमलं. पाणी येईना. आधी नुसती हवा आली, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी. मग गढूळ थुंकी. मग पुन्हा काही नाही. एक बाई पदर तोंडात धरून उभी होती. आणि मग आलं. आधी तांबडं, मग पिवळं, मग काचेसारखं. आमाने पितळेची घागर पुढे केली, भरली, आणि घरी न नेता तशीच उचलून आणून नंदाच्या पायांवर ओतली.

"कितक्या थंड, बाय," नंदा म्हणायची. "पाय कापून पडले असां वाटलां."

सोप्यावर कुणीतरी नाक ओढायचं. मी माझ्या पायांकडे बघायची. ते पाणी माझ्या पायांचं होतं. ते शब्द माझे होते, ती ट्रंक माझी, तो स्वेटर माझा. पाय तेवढे तिचे निघाले.

स्वेटर तिने धुऊन परत दिला, तरी तो वास गेला नव्हता. मी तो कधीच घातला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काजूचे बोंडू कुजून सगळ्या पेडण्याला नशेचा वास सुटला होता, तेव्हा गोवा राज्य झालं आणि घरी पेढे आले. भाषेचं भांडण कागदावर कसंबसं मिटलं होतं, मनात ज्याचं त्याच्यापाशी राहिलं. त्याच पावसाळ्याच्या तोंडावर मला बघायला साखळीहून पाहुणे आले. मी पोहे घेऊन गेले. मुलगा खाणीच्या कचेरीत कामाला होता, माणूस मवाळ वाटला. बोलण्याच्या ओघात काकांनी सांगितलं की आमच्या घरातली मुलगी नेपाळला जाऊन आली. मुलाचे डोळे चमकले. त्याने मला विचारलं, "तुम्ही गेला होता?"

"नाही," मी म्हटलं. "ही."

मग उरलेला सगळा वेळ नंदा बोलली. ती सांगायला तयार नव्हती, दोनदा उठून आत गेली, पण पाहुण्यांनीच बोलावून आणलं. कुत्री, गुंद्रुक, नळ. मुलाची आई डोळे पुसत होती. मी रिकाम्या बशा गोळा करत होते. मनात म्हटलं, हा आता तिलाच मागणी घालणार. त्याने मला घातली. लग्नानंतर मी एकदा विचारलंही, तिला का नाही? तो म्हणाला, "ती दमवणारी वाटली." हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, म्हणजे न दमवणारी म्हणून मी.

मी साखळीच्या मराठी शाळेत शिकवू लागले. नंदाचं लग्न पेडण्यातच झालं, नवऱ्याची पिठाची गिरण. ती गिरणीवर बसू लागली आणि बघता बघता तिच्या भुवया, केस, पापण्या कायमच्या पांढऱ्या झाल्या. मी माहेरी गेले की दळण घेऊन मुद्दाम तिच्याकडे जायची. माझा नवरा बरोबर असला की हमखास म्हणायचा, "नंदा, ती नळाची गोष्ट सांग पाहू." ती हसून सांगायची, पण वर्षागणिक गोष्ट झिजत चालली. आधी मास्तर गेला. मग गुलाबी डोंगर. मग घागर पितळेची होती की तांब्याची हे तिला आठवेना.

"पितळेची," मी सांगायची.

"होय? असात."

एकदा तर तिला गावाचं नावही आठवलं नाही. मी सांगितलं. तिने माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "बाय, तुका सगळां कसां गो याद रवता?" तिला खरंच नवल वाटत होतं. जे तिने मुठीतून सहज गळू दिलं ते मी वेचून, पुसून, जपून ठेवलं होतं. शाळेत पाण्याचा धडा आला की मी ती गोष्ट मुलांना सांगायची. नंदाहून चांगली सांगायची. हवेचा खोकला, गढूळ थुंकी, घागर. वर्ग चिडीचूप व्हायचा. मग कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही गेला होता?"

दरवर्षी. आणि दरवर्षी मी म्हणायची, "नाही. माझी बहीण." आणि मुलांच्या चेहऱ्यावरचा उजेड किंचित कमी व्हायचा.

मी निवृत्त झाल्यावर नवरा म्हणाला, चल, तुला नेपाळ दाखवतो. यात्रा कंपनीच्या बसमधून आम्ही पशुपतिनाथ केलं, पोखऱ्याला आलो. एक दिवस मोकळा होता. बाकीची मंडळी तलावावर नावेत बसायला गेली. आम्ही जीप केली. चालकाला मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिथे बघायला काही नाही, माताजी."

मी म्हटलं, "माहीत आहे."

नंदा जिथून दिवसभर चालत वर गेली होती तिथे आता रस्ता गेला आहे. घरं सिमेंटची, गच्चीवर मका वाळत घातलेला. डोंगर ढगात होता. मी त्याची वाट बघत मान वर करून उभी राहिले, तो दिसला नाही. पण मका भाजल्याचा वास आला, आणि त्याच्या मागून एक आंबट वास. हा वास मला ठाऊक होता. मी ह्याच्यावर रडले होते.

आमा होती. अंगणात गोधडीवर बसून मक्याचे दाणे सोलत होती, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. सुनेने आम्हाला बसायला वेताचे मोडे दिले. चालक दुभाष्या झाला, पण मी आधी माझं माझं म्हणून बघितलं. तिने दिलेल्या ताकाचा घोट घेऊन मी म्हटलं, "मिठो छ." ती बोळकं उघडून हसली. चालक म्हणाला, उच्चार चांगला आहे तुमचा. इतक्या वर्षांनी दुसऱ्यांदा.

मग मी विचारायला लावलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या वेळी, गोव्याची मुलं आली होती. नळ घातला. नंदा नावाची मुलगी तुमच्या घरी राहिली होती.

आमा बोटांवर मोजत सांगू लागली. जपानी आले होते, ते फार कमी जेवायचे. गोरे आले होते, उंच, त्यांची डोकी दाराला आपटायची. काठमांडूची कॉलेजची मुलं तर दरवर्षी येत. भारतातलेही आले असतील. "धेरै आए," ती म्हणाली. पुष्कळ आले.

"नंदा," मी म्हटलं. "तुम्ही तिचा स्वेटर शिवला होता. पाणी आलं तेव्हा पहिली घागर तिच्या पायांवर ओतली होती."

चालकाने सांगितलं, तशी ती खुदकन हसली. सुनेकडे बघून काही म्हणाली. चालक मला म्हणाला, "ती म्हणते, ते तर आम्ही सगळ्यांचंच करतो. जो पाण्यासाठी राबतो त्याचे पाय धुतल्याशिवाय पाणी भरत नाही."

नंतर ती हात टेकत उठली, नळाकडे गेली. नळ नवा होता, त्यावर कुठल्याशा परदेशी संस्थेच्या नावाची पाटी होती. जुन्या पाइपांचा मागमूस नव्हता. तिने लोटा भरला आणि माझ्याकडे वळून वाकू लागली. मलाही त्यातलीच समजली असावी. नवरा मला कोपराने खुणावत होता, असू दे, करू दे तिला. उभ्या आयुष्यात एवढं एकच पाणी मला हवं होतं, आणि ते चार बोटांवर आलं होतं.

मी पाय मागे घेतले. साडीखाली ओढून घेतले. म्हटलं, "नाही, आमा. मी नाही खणलं." लोटा तिच्या हातून घेतला आणि पाणी प्यायले. थंड इतकं की दात ठणकले.

परतीच्या सगळ्या रस्त्यात ती बातमी मी एखाद्या धारदार वस्तूसारखी पदरात बांधून आणली. त्यांना तू आठवत नाहीस, नंदा. तुझी घागर एकट्या तुझी नव्हती. गोरखपूरला वाटलं, सांगेन. रात्र गेली, भुसावळ आलं, वाटलं, नको, सांगेन की आमाने तुझी आठवण काढली, डोळ्यांना पदर लावला. ते वाक्य मी मनात नीट बसवूनही घेतलं. पेडण्याला उतरेपर्यंत दोन्ही तयार होती.

गिरण चालू होती. पट्टा फडफडत होता, नाचणीच्या पिठाचा उबदार वास बाहेर रस्त्यापर्यंत आला होता. दळणाला आलेल्या दोघी बाकावर बसल्या होत्या. मी नंदाच्या कानाशी जाऊन ओरडले, "त्या गावात जावन इलंय." तिने खटका ओढला. गिरण हळूहळू शांत झाली.

"खरां? आमा आसा?"

"आसा. म्हातारी झाली."

तिचा चेहरा पिठातून उजळला. "माझी याद काढल्यान?"

माझी दोन्ही वाक्यं जिभेवर होती. तिच्याकडे बघताना गोड वाक्य बोलवेना, आणि जे बोलले ते जसं आणलं होतं तसं धारदारही राहिलं नाही. "नाय गो," मी म्हटलं. "तिका कोणच याद नाय. कितके लोक येवन गेले. पायार पानी तर ती सगळ्यांच्याच घालता, म्हणाली."

मी तिच्याकडे टक लावून बघत होते. काहीतरी पडेल, तडकेल, निदान हलेल. नंदाने मनगटाने पापण्यांवरचं पीठ पुसलं.

"याद रवतली कशी बिचारीक," ती म्हणाली. "आणि पानी? पानी येता मां?"

"येता."

"उन्हाळ्यातय?"

"बारा म्हयने येता. सून म्हणाली."

"मगे झालां तर."

एवढंच. ती वळली, बाकावरच्या बाईला विचारलं, "तुझे काय, तांदूळ?" आणि खटका पुढे ढकलला. पट्टा आधी कुरकुरला, मग फिरू लागला. पीठ उडालं आणि तिच्या केसांवर, हातांवर, आणि जवळ उभी होते म्हणून माझ्याही अंगावर बसत गेलं.

मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. इतकी वर्षं मी त्या डोंगराचा मत्सर केला, त्या चुलीचा, त्या घागरीचा. तिच्याकडे ह्या सगळ्याहून मोठं असं काही आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पाणी येतं ना, मग झालं. असं म्हणून कामाला लागायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या गावाने दिलं नव्हतं, आणि मी गेले असते तरी मला ते तिथे मिळालं नसतं. साखळीची बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. पीठ झटकत मी त्या बाजूला निघाले, आणि पुन्हा नव्याने, पहिल्या दिवसासारखा, माझा जीव जळत होता.